एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह

२ एप्रिल १९७३, सोमवार

पोचले. केंटकीहून अकरा तासांची बस, पाय सुजलेत, पण मन हलकं आहे. थांब्यावर मिस्टर डेलमर प्रुइट स्वतः ट्रक घेऊन आले होते. मला वाटलं होतं, कुणी आढ्यताखोर माणूस असेल. पंधरा वर्षांपूर्वी का होईना, त्यांची एक रेकॉर्ड सगळ्या दक्षिणेत वाजली होती. हे तर गुडघ्याला ठिगळ लावलेली पँट घालून आले, आणि माझी हत्यारांची पेटी उचलताना म्हणाले, "पोरी, यात काय नवऱ्याला भरून आणलंयस?" मला नवरा नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग एवढं वजन कशाचं?"

घर कॉटर्स फेरी गावापासून दोन मैलांवर, नदीच्या काठाला. मागे पत्र्याची मोठी शेड आहे. पूर्वी तिथे कापसाचे गठ्ठे ठेवत, आता ती गाणी ध्वनिमुद्रित करायची जागा. एका कोपऱ्यात जाड काचेची खोली, तिच्यात टेपचं यंत्र. माझी खोली स्वयंपाकघराच्या मागे, खिडकीतून पाणी दिसतं.

मिस इमोजीन, त्यांची बायको, हडकुळी आणि चटपटीत, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. जेवायला तळलेला मासा आणि मक्याचा गरम पाव. मी तिसऱ्यांदा नको म्हटलं तरी वाढलंच. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत त्यांची, ताट तळव्यावर तोलून आणतात. दारात सापडली म्हणाल्या. सार्जंट नावाचा म्हातारा शिकारी कुत्रा आहे. तो जेवण होईस्तोवर माझ्या पायावर डोकं टाकून पडला होता.

ट्रान्झिस्टर आल्यापासून व्हॉल्व्हच्या कामाला कुत्रं विचारत नाही. आणि इथे एक माणूस फक्त तेवढ्यासाठी मला ठेवून घेतोय. बाबा असते तर त्यांना खरं वाटलं नसतं.

४ एप्रिल, बुधवार

काम म्हणजे एकच, गिटारचा अ‍ॅम्प, आवाज मोठा करणारं खोकं. छप्पन साली बनलेला, तपकिरी कापड चढवलेला, वर सिगारेटचे डाग. मागची फळी काढली की व्हॉल्व्ह दिसतात, काचेच्या बुटक्या बाटल्या आणि आत लाल होणारी तार. पुढचा छोटा व्हॉल्व्ह तारांचा बारीक आवाज धरतो आणि वाढवतो. मागचे दोन मोठे तो ढकलून स्पीकरपर्यंत नेतात. पुढचा बदलला की आवाजाचा स्वभावच बदलतो. एक काचेसारखा, एक काकवीसारखा, एक नाकात बोलणारा. बाबांच्या रेडिओच्या दुकानात मी हे नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आलेय.

मिस्टर डेलमरनी साठएक व्हॉल्व्ह जमवलेत, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नंबर. मी एक बसवायचा, ते एकच सूर वाजवणार, डोळे मिटून ऐकणार, मी या वहीत लिहायचं. वही एकच आहे, म्हणून माझी रोजनिशीही हिच्यातच. त्यांना त्याचं काही नाही. वाचायचा कंटाळा आहे म्हणाले.

सात नंबर: किरटा. बारा: गोल, पण झोपाळू. एकोणीस लावल्यावर त्यांनी गिटार खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "ही माझी सासू बोलतेय. काढ." मी इतकी हसले की मिस इमोजीन बघायला आल्या.

अ‍ॅम्पच्या लोखंडी सांगाड्याला हात लावला की मुंग्या येत होत्या. जुनी दोन पिनांची वायर. मी काढून तीन पिनांची बसवली आणि अर्थिंग दिलं. आता सांगाड्याला खुशाल टेकून बसा.

७ एप्रिल, शनिवार

आज ती रेकॉर्ड ऐकवली. गाणं साधंच आहे. पण शेवटाकडे गिटारचा एक सूर येतो, ताणून वर नेलेला. तीन सेकंद असेल, जास्तीत जास्त चार. मी एवढं काम केलंय, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. तार वाजते, आणि तारेच्या आत आणखी काहीतरी फाटत जातं. माझ्या हातावर काटा आला.

"तो," मिस्टर डेलमर म्हणाले. "पंधरा वर्षं तोच शोधतोय. हाच अ‍ॅम्प, हीच गिटार, हीच शेड. नाही येत."

मग बरणीतला मुरवलेला पीच खाता खाता सांगितलं, की त्यांचा धाकटा भाऊ ओडेल गायचा. अठ्ठावन्नच्या ऑगस्टमध्ये हे गाणं घेताना, शेवटच्या कडव्यात, विजेचा धक्का बसून ओडेल इथेच गेला. छत गळत होतं, फरशी ओली, पाय अनवाणी. एक हात अ‍ॅम्पवर टेकलेला, दुसऱ्यात माइक. ते म्हणाले, "टेप चालू होती. पुन्हा घ्यायला गायक कुठे होता? तीच छापली." आणि पीचची बी नदीच्या दिशेने भिरकावली.

दुःख माणूस कसंही सांगतो. मी त्याचा फार विचार करत नाही.

१० एप्रिल, मंगळवार

कथील संपलं म्हणून गावात गेले. मिस इमोजीननी ट्रक चालवला. पेंड आणि खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानात काउंटरच्या मागे एक चाळिशीचा माणूस होता. त्याने कथलाची गुंडाळी डाव्या हाताने बांधून दिली. उजवा हात म्हणजे नुसता पंजा, बोटं एकमेकांत वितळल्यासारखी. कथील कशाला हवं विचारलं. मी सांगितलं. त्याने बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

त्याचं नाव हॉइट. माझ्या आधी दोन वर्षं हे काम तोच करत होता.

मी विचारलं, काम का सोडलं. तो म्हणाला, "मी त्याला सांगितलं, असा आवाज कुठल्याच व्हॉल्व्हमध्ये नसतो. टेपचा दोष असेल, विसरा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात टेबलावरच्या लोखंडी पकडीत धरला आणि दांडा फिरवत गेला. फिरवताना गप्पा मारत होता, बाई. हवापाण्याच्या."

पोलिसांत गेला नाहीस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, इथला शेरीफ डेलमरबरोबर मासे मारायला जातो, आणि अशा गोष्टी गावात ऐकून कुणी घेत नाही. दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "त्याला सापडू देऊ नका."

परत येताना मिस इमोजीनना विचारलं. त्या रस्त्यावरून नजर न काढता म्हणाल्या, हॉइट पितो. हात यंत्रात गेला होता.

संध्याकाळी मिस्टर डेलमर सार्जंटच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसले होते, एकेक, हलक्या हाताने. हॉइट पीत असेलही.

१२ एप्रिल, गुरुवार

सापडलं. मला सापडलं.

एक्केचाळीस नंबर. पुढच्या जागी बसवला आणि सवयीने पेन्सिलीने टिचकी मारली, तर स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखा ठण्ण आवाज. असे व्हॉल्व्ह असतात. आतली जाळी सैल झाली की व्हॉल्व्ह बाहेरचा आवाज पकडायला लागतो, जणू माइकच. दुकानात आम्ही ते फेकून देत असू. शेडमध्ये मी एकटीच होते. सहज त्याच्याजवळ तोंड नेऊन शीळ घातली, शीळ स्पीकरमधून आली, चिरकी होऊन. मग गिटारची तार ताणून वाजवली आणि जोरात ओरडले.

तोच आवाज. अगदी तो नाही, पण त्याच घरातला.

धावत जाऊन मिस्टर डेलमरना ओढत आणलं. करून दाखवलं. कसं होतं तेही समजावलं, शाळेतल्या मास्तरणीसारखं: तो सूर नुसता गिटारचा नव्हताच, ओडेल अ‍ॅम्पवर वाकला होता, त्याचा आवाज या व्हॉल्व्हने—

तिथे मी थांबले. काय बोलतेय ते तेव्हा कळलं.

ते खुर्चीत बसले. बराच वेळ रडले, आवाज न करता. मग चेहरा पुसला आणि विचारलं, "म्हणजे तो सूर ओडेलचा. मरतानाचा."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"पोरी," ते म्हणाले, "पंधरा वर्षं मी बाटल्या बदलत बसलो."

रात्रीच्या जेवणाला फार खुशीत होते. मिस इमोजीनकडे बघत होते. सारखे.

१३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मला एक्केचाळीससमोर ओरडायला लावलं. अकरा वेळा. मग मान हलवली. मी घाबरलेली नाही म्हणाले. नाटकातल्या बाईसारखी ओरडते.

नंतर सार्जंटला आत बोलावलं. तो शेपूट हलवत आला. त्याला अ‍ॅम्पच्या मागे बसवलं, उघड्या बाजूला, डोकं थोपटलं. गिटार गळ्यात घातली. मला वाटलं, भुंकायला लावतील. त्यांनी तार वर ताणली आणि त्याच क्षणी बुटाची टाच सार्जंटच्या पुढच्या पायावर आणली, सगळ्या वजनानिशी.

हाड मोडल्याचा आवाजही स्पीकरमधून आला. मोठा होऊन.

मी त्यांना ढकललं. ते ढळलेसुद्धा नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. "जवळ आलं," म्हणाले. मग दुसरा पाय.

शेवटी मिस इमोजीन बंदूक घेऊन आल्या. मला वाटलं, मिस्टर डेलमरना मारतील. त्यांनी सार्जंटला मारलं, बंदूक नवऱ्याच्या हातात दिली आणि फरशी पुसायला बादली आणायला गेल्या.

१५ एप्रिल, रविवार

मला जायचंय. काल सकाळी पेटी भरून निघाले, तर ट्रक मागून येऊन शेजारी थांबला. ते हसून म्हणाले, "पायी कुठे? दोन मैल आहे. आत बस." आणि ट्रक वळवून घरी आणला. माझे बूट काढून घेतले. फोनची वायर भिंतीपासून कापलेली आहे.

आज ते चर्चला गेले, मला खोलीत कोंडून. मिस इमोजीन राहिल्या, अंगात ताप आहे असं सांगून. दारापलीकडून मी म्हटलं, कुलूप तोडा, नदीकाठाने दोघी जाऊ. त्या म्हणाल्या, जाऊन पाहिलंय, तीनदा. बोटं दारात सापडली नव्हती. पहिलं पहिल्या वेळी, दुसरं दुसऱ्या वेळी.

मी तिसऱ्या वेळेचं विचारलं.

"तिसऱ्या वेळी माझ्या बहिणीच्या घरी गेले होते," त्या म्हणाल्या. "मला काही केलं नाही त्याने. बहिणीला केलं."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं बाळा, तू त्याला सांगायला नको होतंस."

माहितेय. माहितेय मला.

१६ एप्रिल, सोमवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट मोडलंय.

त्याने इमोजीनला शेडमध्ये आणलं. (साहेब नाही, मिस्टर नाही. यापुढे नाही.) मागचे मोठे व्हॉल्व्ह अर्धा तास चालले की इतके तापतात की थुंकी टाकली तर चुर्र होते. त्याने तिचा तळहात धरून त्यावर दाबला. कातड्याचा वास आला. ती ओरडली नाही. ओठ चावला, हनुवटीवरून रक्त आलं, पण आवाज नाही. तो दाबत राहिला, व्हॉल्व्हची काच तडकली, ती गप्प.

मग त्याने तिला मारलं. गिटारने नाही. गिटार आधी नीट स्टँडवर ठेवली. मुठींनी मारलं. मोजल्यासारखं.

मी कथलाचे डाग द्यायची तापलेली सळई त्याच्या मानेत खुपसली. खोल गेली असं वाटलं. तो वळला, माझं मनगट धरलं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. दोनदा. पहिल्याच वेळी मोडलं होतं.

मी ओरडले. तो क्षणभर थांबला, कान टवकारून, आणि मग अ‍ॅम्पकडे बघितलं. व्हॉल्व्ह तडकल्यामुळे अ‍ॅम्प बंद पडला होता. तो हळहळला. खरंच हळहळला, पीठ सांडल्यावर बाई हळहळते तसा.

१७ एप्रिल, मंगळवार

काचेच्या खोलीत कोंडलंय. टेपचं यंत्र मीच चालवायचं, असं ठरलंय. हात खरकट्या फडक्याने बांधलाय. इमोजीन कुठे आहे माहीत नाही. घराकडून काही ऐकू येत नाही. या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, आतलंही बाहेर जात नाही, फक्त माइकमधून येईल ते.

तो काचेपलीकडे शेड झाडतोय. शीळ घालत असावा. ओठ तसे दिसतात.

दुपारी वही बघितली त्याने. पान उलटलं, आकडे बघितले, परत दिली. लिही म्हणाला. सगळं लिही. म्हणजे पुन्हा करता येईल.

पुन्हा.

१८ एप्रिल, बुधवार

आज मला बाहेर काढलं. मागची जोडी बदलायला. तडकलेला व्हॉल्व्ह त्याला काढता येत नाही, त्याची बोटं जाड.

मी म्हटलं, सांगाडाच उपसावा लागेल, कथलाचे डाग सुटलेत. तो समोर खुर्ची टाकून बसला, मांडीवर बंदूक. मानेला पट्टी. बोलत होता. ओडेल लहानपणी नदीत बुडता बुडता कसा वाचला, त्यानेच कसा केसांना धरून ओढून काढला. मध्ये आवाज फुटला त्याचा.

उद्या सगळं त्या दिवसासारखं करायचं म्हणाला. ओली फरशी. ऊन असलं तरी बादलीने ओली करायची. गिटार तो वाजवणार, इमोजीन अ‍ॅम्पवर वाकणार. एका हाताने तार वर ताणून धरली की दुसरा मोकळा, म्हणाला. खिशातून माशाची सुरी काढून दाखवली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

काय बसवलं ते वहीत लिही म्हणाला. लिहिते.

पुढे: एक्केचाळीस. मागे: तेवीस आणि चोवीस.

आणि अर्थिंगची वायर कापली. मीच दिलेलं अर्थिंग. भिंतीतून येणारी वीज सरळ सांगाड्याला जोडली. सांगाडा म्हणजे गिटारची वायर, गिटारची वायर म्हणजे तारा. डाव्या हाताने चार मिनिटं लागली. त्याला वाटलं, डाग देतेय.

ओल्या फरशीवर उभा राहील आणि तारांना हात लावेल. एवढंच करायचंय त्याने. दुसऱ्या हाताने माइक धरला (त्याचं कवच जमिनीशी जोडलेलं) तर सुटायची आशाच नाही.

इमोजीनने अ‍ॅम्पला हात लावायच्या आधी त्याने तारा धरायला हव्यात. तो नेहमी आधी सूर जुळवून घेतो. नेहमी. अकरा वेळा बघितलंय.

मी माणूस मारायची तयारी केलीय. बाबा, तुम्ही शिकवलेलं सगळं आठवत होतं.

१९ एप्रिल, गुरुवार

सकाळचे दहा. मी पुन्हा काचेच्या खोलीत, कुलूपबंद. ऊन पत्र्यावर. तो बादल्या ओततोय. फरशीवर दारातलं आभाळ दिसतंय.

पायात रबरी बूट. मासे धरायचे. गुडघ्यापर्यंत.

रबर. त्याच्या पायातून वीज जाणार नाही. मग माइक. एका हातात तारा, दुसऱ्यात माइक. माइक धर. धर माइक—

इमोजीनला आणलं. अनवाणी आहे. चेहरा एका बाजूने काळा-निळा. हाताला फडकं. ती सरळ चालतेय.

मला खूण करतोय, टेप सुरू कर. केली. चाक फिरतंय. तो बघतोय, मी लिहितेय तोवर त्याला बरं वाटतं. नोंद.

माइकमधून त्याचा आवाज येतोय. ओडेलशी बोलतोय. आलोच म्हणतोय.

अ‍ॅम्पचा खटका त्याने पायाने लावला. हात नाही लावला. दिवा लागला.

गिटार उचलली. पट्ट्याला धरून. लाकडाला धरून. तारांना नाही. तारांना हात लाव. सूर जुळव. रोज जुळवतोस—

थांबला. इमोजीनकडे बघतोय. विचार करतोय.

म्हणतोय, मागल्या वेळी मी तुला एकाच हाताने धरलं ना, म्हणून गप्प राहता आलं तुला. या खेपेला मला दोन्ही हात लागतील.

म्हणतोय, सूर एकच तर आहे, तो तूही वाजवशील.

नाही

पट्टा तिच्या गळ्यात घालतोय. मी काचेवर आपटतेय, मोडक्या हाताने, दोन्ही हातांनी. तो हसतोय. त्याला वाटतं, मी तिच्यासाठी रडतेय. काच फुटत नाही. खुर्ची मारली. फुटत नाही—

ती बघतेय माझ्याकडे. मी मान हलवतेय, नको, तारांना नको, वही काचेला लावून दाखवली, मोठ्या अक्षरात लिहिलं, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा त्याने फोडला. सोमवारी.

ती मान डोलावतेय. मला धीर देतेय. ती मला

पाण्यात उभी आहे. उजवा हात वर

इमोजीन तारा धरू नको तारा ध